टाळ्या वाजवणारा साक्षीदार

दूरचित्रवाणीवरील गेम शोंविषयी आजवर जे लिहिले गेले त्यात स्पर्धक आहेत, सूत्रसंचालक आहेत, निर्माते आहेत, आणि बक्षिसांच्या रकमा तर आहेतच. चित्रीकरणाच्या वेळी समोरच्या अंधाऱ्या रांगांत बसलेल्या प्रेक्षकाची नोंद मात्र त्यात क्वचितच आढळते. तो मित्रांबरोबर हौसेने आलेला असतो, सांगितले की टाळ्या वाजवतो आणि रात्री उशिरा घरी परततो. तरीही त्याच्यावाचून एकही गेम शो उभा राहत नाही. प्रश्न विचारायला एक आणि उत्तर द्यायला एक, अशी दोनच माणसे खेळाला पुरेशी असताना शेदोनशे माणसांना तिथे कशासाठी बसवले जाते? या प्रश्नाच्या अनुषंगाने गेल्या सत्तर वर्षांतील काही प्रसंग पाहावेत, असा आमचा विचार आहे. नाटकाच्या आणि कथनाच्या अभ्यासकांना त्यात ओळखीचे बरेच काही सापडेल.

आरंभ अमेरिकेतून करावा लागतो. रेडिओच्या काळात तिथे प्रश्नमंजूषा लोकप्रिय झाल्या होत्या, पण बक्षिसे किरकोळ असत. १९४० साली सुरू झालेल्या एका रेडिओ कार्यक्रमातील सर्वांत मोठे बक्षीस ६४ डॉलरचे होते. ७ जून १९५५ रोजी सीबीएस वाहिनीवर ‘द सिक्स्टी-फोर थाउजंड डॉलर क्वेश्चन’ सुरू झाला आणि हा आकडा एकदम हजारपट झाला. एवढी रक्कम वाटणारा खेळ खरा आहे, हे लोकांना पटवणे त्यामुळे भाग पडले. त्यासाठी रंगमंचावर एक सरंजामच उभा केला गेला. प्रश्न बँकेच्या तिजोरीत ठेवलेले असत, बँकेचा अधिकारी ते घेऊन येई आणि त्याच्या दोन्ही बाजूंना बंदूकधारी रक्षक उभे असत. आरंभीचे प्रश्न आयबीएमच्या यंत्रातून बाहेर पडत. स्पर्धकाला बाहेरचे काही ऐकू येऊ नये म्हणून काचेच्या ध्वनिरोधक कोठडीत उभे केले जाई. हा सगळा थाट प्रेक्षकाला उद्देशून होता. घरी बसलेल्या माणसाला चौकटीतले चित्र तेवढे दिसते. ते चित्र खरे आहे याची ग्वाही कोणी द्यायची? स्टुडिओत प्रत्यक्ष हजर असलेल्या, दचकणाऱ्या, श्वास रोखणाऱ्या आणि टाळ्या वाजवणाऱ्या समुदायाने ती द्यायची, अशी ही योजना होती. त्यांच्या डोळ्यांदेखत फसवणूक होणे शक्य नाही, असा लोकांचा समज होता.

हा समज सर्वांत क्रूरपणे मोडला तो एनबीसी वाहिनीवरच्या ‘ट्वेंटी-वन’ या कार्यक्रमात. १२ सप्टेंबर १९५६ रोजी तो सुरू झाला. सूत्रसंचालक जॅक बॅरी, निर्माते डॅन एनराइट, आणि प्रायोजक जेरिटॉल हे शक्तिवर्धक औषध. दोन स्पर्धक दोन कोठड्यांत उभे राहत आणि एकमेकांचे गुण त्यांना कळत नसत. प्रेक्षकांना मात्र दोघांचेही गुण ठाऊक असत. पात्राला जे माहीत नाही ते प्रेक्षकाला माहीत असावे, हे नाट्यात्म उपरोधाचे जुनेच तंत्र इथे खेळाच्या नियमांतच बसवलेले होते.

या कोठड्यांत २८ नोव्हेंबर १९५६ रोजी समोरासमोर आले ते हर्ब स्टेम्पेल आणि चार्ल्स व्हॅन डोरेन. स्टेम्पेल हा न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात शिकणारा, कष्टकरी वस्तीतून वर आलेला तरुण. व्हॅन डोरेन कोलंबिया विद्यापीठात इंग्रजी साहित्य शिकवत होता. त्याचे वडील मार्क व्हॅन डोरेन याच विद्यापीठात प्राध्यापक होते आणि कवितेसाठी त्यांना १९४० साली पुलित्झर पारितोषिक मिळालेले होते. ५ डिसेंबर रोजी स्टेम्पेल हरला. १९५५ सालचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा ऑस्कर कोणाला मिळाला, या प्रश्नाला त्याने ‘ऑन द वॉटरफ्रंट’ असे उत्तर दिले. बरोबर उत्तर ‘मार्टी’ होते. तो चित्रपट स्टेम्पेलचा अत्यंत आवडता होता, त्याने तो तीनदा पाहिलेला होता, आणि चुकीचे उत्तर देण्याची सूचना त्याला आधीच मिळालेली होती.

सूचना केवळ उत्तरांपुरत्या नव्हत्या. स्टेम्पेलने पुढे सांगितल्याप्रमाणे त्याचा न शोभणारा सूट, स्वस्तातली केशरचना, एवढेच काय, टिकटिक ऐकू येईल असे घड्याळही निर्मात्यांनी ठरवून दिलेले होते. व्हॅन डोरेनने नंतर साक्षीत जे सांगितले ते साहित्याच्या शिक्षकांनी विशेष लक्षात घ्यावे असे आहे. काही उत्तरांपूर्वी थांबावे, अनेक भागांच्या प्रश्नातला एखादा भाग सोडून मग त्याकडे परत यावे, अडखळावे, ताण वाढवीत न्यावा, असे त्याला पढवलेले होते. थोडक्यात, त्याच्याकडून विचार करण्याच्या क्रियेचा अभिनय करवून घेतला जात होता. वर्गात विद्यार्थ्यांसमोर उभे राहून एखाद्या ओळीचा अर्थ उकलताना आपण थबकतो, कपाळाला आठ्या घालतो, पुन्हा मागे जातो. या हालचालींवर विद्यार्थ्यांचा विश्वास असतो, कारण त्या विचाराच्या खुणा आहेत असे ते धरून चालतात. व्हॅन डोरेनने याच खुणा विकल्या. तो एकूण १,२९,००० डॉलर जिंकला, फेब्रुवारी १९५७ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकला आणि ११ मार्च १९५७ रोजी व्हिव्हिअन निअरिंग या वकील महिलेकडून हरला. आठवड्यामागून आठवडे हे सगळे स्टुडिओतल्या प्रेक्षकांसमोर घडले. त्यांना काचेमागचा घाम दिसला, आणि त्यांनी मनापासून टाळ्या वाजवल्या.

बिंग फुटले ते कोणी फोडले, हे पाहण्यासारखे आहे. ‘डॉटो’ या दुसऱ्या एका कार्यक्रमात आपली पाळी येण्याची वाट पाहणाऱ्या राखीव स्पर्धकाला मे १९५८ मध्ये पडद्यामागे एका स्पर्धक स्त्रीची वही दिसली आणि तिच्यात उत्तरे लिहिलेली होती. तो कार्यक्रम ऑगस्टमध्ये बंद झाला. ‘ट्वेंटी-वन’मधील जेम्स स्नॉडग्रास या चित्रकार स्पर्धकाने तर मिळालेली उत्तरे आधीच कागदावर लिहून स्वतःच्याच पत्त्यावर रजिस्टर्ड टपालाने पाठवून ठेवलेली होती. ते लिफाफे बंदच राहिले, त्यांवर टपालखात्याची तारीख होती, आणि त्याच लिफाफ्यांनी स्टेम्पेलच्या आरोपांना बळ मिळाले. न्यूयॉर्कच्या ग्रँड ज्युरीसमोर सुमारे दीडशे माणसांनी साक्षी दिल्या. त्यांतल्या जेमतेम पन्नासांनी खरे सांगितले असावे, असा सरकारी वकिलांच्या कार्यालयाचा अंदाज होता. २ नोव्हेंबर १९५९ रोजी व्हॅन डोरेनने अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीसमोर कबुली दिली. समितीतील अनेकांनी त्याच्या प्रांजळपणाची वाखाणणी केली. एका सदस्याने मात्र, एवढ्या बुद्धिमान प्रौढ माणसाचे केवळ खरे बोलल्याबद्दल कौतुक का करावे, अशा अर्थाचा सवाल केला. कोलंबियातले त्याचे पद गेले आणि वाहिनीवरची नोकरीही गेली. पुढचे आयुष्य त्याने मुख्यतः एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाच्या संपादनकार्यात काढले. या प्रकरणाविषयी त्याने विस्ताराने लिहिले ते थेट २००८ साली, ‘न्यूयॉर्कर’मध्ये. २०१९ साली तो वारला.

सत्य बाहेर आणण्यात एक वही, काही बंद लिफाफे आणि पडद्यामागची माणसे यांचा हात होता. प्रत्यक्षदर्शी म्हणून ज्या समुदायाला समोर बसवलेले होते त्याच्याकडे सांगण्यासारखे काही नव्हतेच. १९६० साली अमेरिकेत कायद्यात दुरुस्ती होऊन प्रश्नमंजूषेत लबाडी करणे हा गुन्हा ठरला. मधल्या काळात प्रश्नमंजूषांची पत इतकी घसरलेली होती की, स्पर्धकांना उत्तरे आधी देतात असा आळ आहे तर सरळ उत्तरेच देऊ आणि प्रश्न ओळखायला सांगू, अशी कल्पना निर्माते मर्व्ह ग्रिफिन यांना त्यांच्या पत्नीने सुचवली. ३० मार्च १९६४ रोजी सुरू झालेला ‘जेपर्डी’ या कल्पनेतून जन्मला.

यानंतरचा बदल तंत्रज्ञानाचा आहे. व्हॅन डोरेन पहिल्यांदा कोठडीत उभा राहिला त्याच आठवड्यात, ३० नोव्हेंबर १९५६ रोजी, सीबीएसने चुंबकीय चित्रफितीवरून बातम्यांचे प्रक्षेपण केले. ‘ट्वेंटी-वन’ थेट प्रक्षेपित होत असे. चित्रफीत रुळली तशी गेम शोची पद्धत पालटली. कार्यक्रम आधी चित्रित होऊ लागले आणि आठवड्यांनंतर दिसू लागले. प्रेक्षकाची भूमिका त्याबरोबर बदलली. थेट प्रक्षेपणात स्टुडिओतला आणि घरातला प्रेक्षक एकाच क्षणी श्वास रोखत. आता स्टुडिओतल्याला शेवट आधीच ठाऊक असतो आणि तो कोणाला सांगू नये असे त्याला बजावलेले असते. घरी बसलेला प्रेक्षक ज्या घटनेचा ताण अनुभवतो ती घडून गेलेली असते. कीर्तनातल्या श्रोत्यालाही हरिश्चंद्राचे काय होणार हे ठाऊक असते, पण तिथे बुवांना आणि श्रोत्यांना दोघांनाही ते ठाऊक असते. इथे ज्ञानाची वाटणी विषम आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही चार-पाच मित्र मुंबईत एका गेम शोच्या चित्रीकरणाला प्रेक्षक म्हणून बसलो होतो. दारातच मोबाइल काढून घेतले गेले. आत एकाने आमच्या कपड्यांचे रंग पाहून जागा बदलल्या; आमच्यातला पांढरा सदरा मागच्या रांगेत गेला, जांभळा कुर्ता पुढे आला. स्पर्धक येण्यापूर्वीच अर्धा तास टाळ्यांचे चित्रीकरण चालले होते. साध्या टाळ्या, जोरदार टाळ्या, उभे राहून टाळ्या, मग चिंतेचा चेहरा, मग सुटकेचा निःश्वास. खेळ सुरू झाल्यावर एका प्रश्नाच्या वेळी दिवा बिघडला. उत्तर देऊन झालेले होते म्हणून ते तसेच राहिले, पण सूत्रसंचालकाचे वाक्य आणि त्यानंतरची आमची दाद पुन्हा घेतली गेली. दुसऱ्या वेळी आम्ही पहिल्यापेक्षा जोरात टाळ्या वाजवल्या. कोणी तशी जबरदस्ती केलेली नव्हती. आम्हांला आता कुठे वाजवायच्या ते नेमके कळले होते. पुढे कार्यक्रम दाखवला गेला तेव्हा आमच्या एका मित्राचा चिंतातुर चेहरा एका अवघड प्रश्नाला जोडलेला दिसला. तो चेहरा तालमीच्या वेळचा होता. प्रश्न कसलाही लबाडीचा नव्हता, स्पर्धक प्रामाणिक होता आणि बक्षीसही खरे होते. बनावट काही असेलच तर ती आमची साक्ष होती, आणि ती आम्ही खुशीने दिलेली होती.

४ सप्टेंबर १९९८ रोजी ब्रिटनच्या आयटीव्ही वाहिनीवर ‘हू वॉन्ट्स टु बी अ मिलियनेअर’ सुरू झाला आणि त्यात प्रेक्षकाला खेळाच्या आत स्थान मिळाले. अडलेल्या स्पर्धकाने प्रेक्षकांचा कौल मागावा, त्यांनी बटणे दाबावीत, टक्केवारी पडद्यावर यावी. जेम्स सुरोविएकी यांनी ‘द विज्डम ऑफ क्राउड्स’ या २००४ सालच्या पुस्तकात अमेरिकी आवृत्तीचा दाखला देऊन सांगितले आहे की, फोनवरच्या जाणकार मित्राचे उत्तर सुमारे ६५ टक्के वेळा बरोबर निघे, तर स्टुडिओतल्या गर्दीचे ९१ टक्के वेळा. मित्राला बहुधा अधिक अवघड प्रश्न वाट्याला येत, हे लक्षात घेऊनही आकडा बोलका आहे. ज्या गर्दीकडे अमेरिकेत १९५६ मध्ये केवळ टाळ्यांचे काम होते तिला आता काही माहीत असू शकते, असे गृहीत धरले गेले.

हाच कार्यक्रम ‘कौन बनेगा करोडपति’ म्हणून ३ जुलै २००० रोजी स्टार प्लसवर आला. निर्मितीमागे सिद्धार्थ बसू होते. त्यांनी १९८५ साली दूरदर्शनवर ‘क्विझ टाइम’ सादर केलेले होते आणि तिथला प्रेक्षक महाविद्यालयीन होता. ‘करोडपति’ने तो वर्ग ओलांडला. पहिला करोडपती ठरला तो मुंबईचा हर्षवर्धन नवाथे, त्याच वर्षी. मराठीत ‘कोण होईल मराठी करोडपती’ २०१३ साली सचिन खेडेकर यांच्या सूत्रसंचालनाखाली आला. तथापि मराठी वाहिन्यांनी प्रेक्षकाचा प्रश्न आपल्या रीतीने सोडवला तो त्याआधीच. २००४ साली सुरू झालेल्या ‘होम मिनिस्टर’मध्ये आदेश बांदेकर पैठणी घेऊन स्पर्धक गृहिणीच्या घरीच जात. त्यामुळे सभागृहाची जागा चाळीच्या वा सोसायटीच्या शेजाऱ्यांनी घेतली. तिथे बसलेली बाई स्पर्धकाला ओळखत असे, आणि तिची दाद खोटी असेल तर दुसऱ्या दिवशी जिन्यात त्याचा जाब देणे प्राप्त होते. आपल्याकडे कलगी-तुऱ्याच्या सवालजवाबांतही प्रेक्षक असाच जाणता असे. शक्ती श्रेष्ठ की शिव, या वादातले कूटप्रश्न त्याला समजत, आणि कोणत्या फडाने उत्तर टाळले हे तो ओळखे.

गर्दीला माहीत असू शकते, या गृहीतकाची दुसरी बाजू १० सप्टेंबर २००१ च्या रात्री लंडनजवळच्या एल्स्ट्री स्टुडिओत उघड झाली. ब्रिटिश लष्करातील मेजर चार्ल्स इन्ग्रम आदल्या दिवशी ४,००० पौंडांवर थांबलेले होते. प्रेक्षकांचा कौल आणि मित्राला फोन या दोन्ही लाइफलाइन वापरून झाल्या होत्या. दुसऱ्या रात्री ते दहा लाख पौंडांपर्यंत पोचले. ते पर्याय मोठ्याने पुनःपुन्हा वाचत, एका उत्तराकडे झुकत आणि मग अचानक दुसरे निवडत. बॅरन हाउसमान यांनी कोणत्या शहराची पुनर्रचना केली, या पाच लाख पौंडांच्या प्रश्नाला ते आधी बर्लिनकडे कललेले होते. उत्तर त्यांनी पॅरिस दिले. एकावर शंभर शून्ये, हा शेवटचा प्रश्न. त्याचेही उत्तर, ‘गुगॉल’, बरोबर आले. सभागृहात जल्लोष झाला.

निर्मात्यांना संशय आला, रक्कम रोखली गेली आणि पोलिसांकडे ध्वनिफीत गेली. अभियोगपक्षाचे म्हणणे असे की, प्रतीक्षेच्या खुर्च्यांवर बसलेले टेक्वेन व्हिटॉक हे स्पर्धक, पेशाने महाविद्यालयीन अध्यापक, बरोबर पर्यायावर खोकत होते, आणि मेजरच्या पत्नी डायना यांचाही या कटात सहभाग होता. त्या रात्रीच्या मुद्रणात १९२ खोकले मोजले गेले. त्यांतले १९ अर्थपूर्ण ठरवले गेले. एप्रिल २००३ मध्ये लंडनच्या सदर्क न्यायालयात तिघेही बहुमताने दोषी ठरले आणि त्यांना स्थगित कारावासाच्या शिक्षा झाल्या. तिघांनीही आरोप कायम नाकारले आहेत, आणि बॉब वॉफिन्डन व जेम्स प्लास्केट यांचे २०१५ सालचे पुस्तक त्यांच्या बाजूने युक्तिवाद करते.

निकालाच्या योग्यायोग्यतेत आम्ही शिरत नाही. आमचे लक्ष आहे ते त्या दोनशेएक प्रेक्षकांकडे. ज्या सभागृहाने पहिल्या रात्री बटणे दाबून मेजरला नियमानुसार मदत केली, त्याच सभागृहातून दुसऱ्या रात्री नियमबाह्य मदत आली असा आरोप होता. बहुतेकांच्या लेखी खोकला हा खोकलाच होता. भरलेल्या नाट्यगृहात खोकला कुठे नसतो? पुढे माहितीपटात दूरचित्रवाणीवर हीच फीत ऐकवली गेली तेव्हा खोकले उठून दिसतील अशा रीतीने ध्वनी सिद्ध केलेला होता, आणि घरी बसलेल्या कोट्यवधींना ते स्पष्ट ऐकू आले. तिथे हजर असलेल्याला जे ऐकू आले नाही ते गैरहजर असलेल्याला ऐकू आले, कारण काय ऐकायचे हे त्याला आधी सांगितलेले होते. आमच्या मित्राचा तालमीतला चेहरा जसा नंतर कुठल्या तरी प्रश्नाला जोडला गेला, तसाच काहीसा प्रकार इथे अर्थाच्या बाबतीत झाला. फीत पुरावा असते यात शंका नाही. पण पुराव्यालाही संहितेप्रमाणे वाचक लागतो, आणि वाचकाला आधी कोणती टीप दिली यावर वाचन अवलंबून राहते.

साहित्याने या घटनेला दोन उत्तरे दिली. विकास स्वरूप यांच्या २००५ सालच्या ‘क्यू अँड ए’ या कादंबरीचे बीज मेजर इन्ग्रम यांच्या प्रकरणात आहे. लष्करातल्या मेजरवर लबाडीचा संशय येतो, तर शिक्षण नसलेल्या गरीब मुलावर तो आल्यावाचून कसा राहील? राम मोहम्मद थॉमस हा मुंबईत वेटरचे काम करणारा मुलगा जिंकतो आणि जिंकल्याबद्दल अटक होतो. आपले प्रत्येक उत्तर आयुष्यात कुठून आले हे त्याला वकिलापुढे सांगावे लागते. २००८ साली तिच्यावरून ‘स्लमडॉग मिलियनेअर’ निघाला. व्हॅन डोरेनला ज्ञान आहे हे त्याच्या घराण्यावरून गृहीत धरले गेले, आणि रामला ते नाही हे त्याच्या वस्तीवरून. स्टेम्पेल या दोघांच्या मधे कुठेतरी उभा आहे: ज्ञान असूनही ते नसल्याचे सोंग ज्याला घ्यावे लागले तो.

दुसरे उत्तर जेम्स ग्रॅहम यांच्या ‘क्विझ’ या नाटकाचे. ते २०१७ साली चिचेस्टर येथे रंगमंचावर आले. नाटकाच्या प्रेक्षकांच्या हातात मतदानाची यंत्रे असतात. अभियोगपक्षाची बाजू मांडून झाल्यावर मध्यंतरापूर्वी एकदा आणि बचावाची बाजू ऐकल्यावर शेवटी पुन्हा एकदा, मेजर दोषी की निर्दोष, असा कौल त्यांनी द्यायचा असतो. दोन्ही वेळा पुरावा तोच असतो. आपण ज्याला मत म्हणतो ते कितपत पुराव्यावर आणि कितपत कथनाच्या क्रमावर उभे असते, हे त्या दोन कौलांमधल्या अंतरात प्रेक्षकाला स्वतःच मोजता येते.

१९५६ सालच्या त्या प्रेक्षकाकडे असे काही नव्हते. त्याला पाहायला बोलावले, त्याने पाहिले, आणि पाहिल्यामुळेच तो फसला. त्याला भाबडा म्हणणे सोपे आहे. आम्ही तसे म्हणणार नाही, कारण जांभळा कुर्ता घालून पुढच्या रांगेत बसल्यावर माणूस किती सहज सामील होतो, हे आम्ही अनुभवलेले आहे. वाङ्मयाच्या वर्गात आपण निवेदकावर किती विश्वास ठेवावा हे शिकवतो. ज्याच्या भरवशावर वाचक निवेदकाला मान्यता देतो, त्या शेजारच्या टाळ्या वाजवणाऱ्याविषयी मात्र फारसे बोलत नाही. समीक्षेतही अशा टाळ्या असतात: प्रस्तावनांतल्या, मलपृष्ठांवरच्या, पुरस्कारांच्या मानपत्रांतल्या. त्या ऐकताना त्या नेमक्या कोणत्या प्रश्नानंतर वाजल्या होत्या, एवढे विचारण्याची सवय विद्यार्थ्यांना लागली तर ते पुष्कळ झाले.